शाकुंतलवेड्या गटेच्या गावाला दोन रात्री तरी द्या

प्रति,
संपादक, वाचकांची पत्रे

महोदय,

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती आपल्या पानांवर येऊ लागल्या आहेत. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रस्ता, कुठेही चौकशी केली तरी हातात पडणारा कार्यक्रम साधारण एकाच साच्याचा असतो: दहा-बारा दिवस, सहा-सात देश आणि रोज सकाळी बॅगा बसच्या पोटात. जर्मनीतले वायमार त्यात आलेच, तर वाटेवरचा दोन तासांचा थांबा म्हणून. पुतळ्यासमोर फोटो, चौकात कॉफी, की बस सुटली. ज्याला नाटक, संगीत, पुस्तके, चित्रे यांची ओढ आहे अशा ठाणेकराने वायमार असे उरकू नये. दोन रात्री मुक्काम केला तरच ते गाव हाती लागते, आणि तोही आधी नीट बेत आखला तर. तो कसा आखायचा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

जर्मन कवी गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. नाचल्याची कथा दंतकथाच आहे, पण तिच्यामागचे खरे त्याहून मोलाचे आहे. विल्यम जोन्सचे इंग्रजी शाकुंतल १७८९ मध्ये कोलकात्यात छापले गेले. त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने केलेले जर्मन भाषांतर १७९१ मध्ये आले आणि त्याच वर्षी गटेने शाकुंतलावर चार ओळींची कविता लिहिली. पुढे ‘फाउस्ट’ या आपल्या नाटकाच्या आरंभी त्याने नाट्यगृहाचा चालक, कवी आणि विदूषक यांचा प्रवेश घातला. ती कल्पना संस्कृत नाटकातल्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून घेतल्याचे अभ्यासक मानतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले १८८० साली. म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या आधी जवळजवळ नव्वद वर्षे कालिदास वायमारला पोहोचला होता. गडकरी रंगायतनची तिसरी घंटा ज्याच्या ओळखीची आहे, त्याला हे गाव परके वाटणार नाही.

वस्ती जेमतेम पासष्ट हजार. एवढ्याशा गावात गटे १७७५ पासून १८३२ मध्ये मरेपर्यंत राहिला, नाटककार शिलरने शेवटची वर्षे काढली, संगीतकार बाख १७०८ ते १७१७ दरबारी चाकरीत होता (नोकरी सोडण्याचा हट्ट धरला म्हणून ड्यूकने त्याला जवळपास महिनाभर कोठडीत ठेवले होते), पियानोवादक लिस्टने संगीत शिकवले आणि १९१९ मध्ये वास्तुरचनाकार ग्रोपियसने बाउहाउस ही कलाशाळा काढली. जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाची घटनाही त्याच वर्षी इथल्या नाट्यगृहात मंजूर झाली. हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडचण अंतराची नसून वेळांची आहे.

आधी व्हिसा, कारण पहिली चूक तिथेच होते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे. तारखा लवकर मिळतात म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज केला आणि हॉटेलांची आरक्षणे वेगळेच सांगत असली, की नकार येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण अधिक चौकशी निघाली तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. म्हणून मे महिन्यात जाणाऱ्याने फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्यावी. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासविम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे आणि विम्याच्या तारखांत जाण्याचा व परतीचा दिवसही धरलेला हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला पाहिजे. मुदत काठावर असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची फेरी आधी, तिकिटे नंतर.

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. युरोपच्या हद्दीत शिरताना आता व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे पडताळून आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन नोंद होते. पहिल्या खेपेला तिथे वेळ जातो. इथेच दुसरी चूक होते. जर्मन रेल्वेचे स्वस्त तिकीट, त्याला तिकडे ‘श्पारप्राइस’ म्हणतात, ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. विमान उतरल्यावर दीड तासाने सुटणाऱ्या गाडीचे असे तिकीट घेतले आणि विमान उशिरा आले किंवा रांग लांबली, तर पैसे बुडाले. विमानाचा उशीर ही रेल्वेची जबाबदारी नाही. म्हणून उतरण्याच्या वेळेनंतर तीन तास सोडून गाडी धरावी, नाहीतर थोडे जास्त मोजून कुठल्याही गाडीला चालणारे तिकीट घ्यावे. एकदा गाडीत बसल्यावर नियम तुमच्या बाजूने आहे: एकाच तिकिटावरच्या प्रवासात पहिली गाडी उशिरा पोहोचून पुढची चुकली, तर गाडीचे बंधन सुटते आणि पुढच्या गाडीने जाता येते. त्यासाठी तिकीट मात्र वायमारपर्यंतचे एकच हवे, तुकड्या-तुकड्यांत काढलेले नको. मुक्कामी पोहोचायला तासभर उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा परत मागता येतो, दोन तास झाला तर निम्मा.

फ्रँकफर्टहून वेगवान गाडीने एरफुर्टला यायचे, तिथे गाडी बदलायची. एरफुर्ट ते वायमार म्हणजे आपले ठाणे-मुलुंड-भांडुप समजा, पाव तासाचा प्रवास. त्या भागात दिवसभर भटकायचे असेल तर राज्याचे एक दिवसाचे तिकीट स्वस्त पडते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होते आणि फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांना चालते. त्यावर वेगवान गाडीत बसलात तर ते विनातिकीटच धरतात.

स्टेशन ते गावाचा मध्य सरळ उताराचा रस्ता आहे, चालत वीसेक मिनिटे. पण जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी. छोट्या चाकांची मोठी बॅग तिथे ओढून पाहिली की चाके कशी निघतात ते कळते. पाठीवरची पिशवी न्यावी किंवा बस पकडावी.

रात्रीच्या विमानाची झोप डोळ्यांवर असते, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी वेळेचे तिकीट असलेले काहीच ठेवू नये. त्या दिवशी इल्म नदीकाठचे उद्यान. त्याला फाटक नाही, तिकीट नाही, आणि मे महिन्यात नऊच्या सुमाराला कुठे सूर्य मावळतो. नदीपलीकडे गटेचे बागेतले लहान घर आहे, १७७६ साली मिळालेले. घर बंद असले तरी चालेल, त्याच्या बागेतला एक दगड मात्र थांबून पाहावा: चौकोनी ठोकळ्यावर ठेवलेला एक गोल, बस. ना मूर्ती, ना अक्षर. गटेने १७७७ मध्ये सौभाग्याची वेदी म्हणून तो उभारला. खालचा ठोकळा स्थिर, वरचा गोळा कधीही गडगडेल असा. कुठलीही आकृती नसलेल्या जर्मनीतल्या सर्वांत जुन्या स्मारकांत त्याची गणना होते.

तिथून चढ चढून पाच-दहा मिनिटांत ‘हाउस आम हॉर्न’ लागते. बाउहाउसने १९२३ च्या प्रदर्शनासाठी बांधलेले नमुन्याचे घर. दगडी गोल-चौकोन पाहून लगेच हे घर पाहिले की दीडशे वर्षांतले अंतर मिटते. घराचा नकाशा सरळ चौरस, बाजू पावणेतेरा मीटरच्या आसपास. मधोमध सहा बाय सहा मीटरची बैठकीची खोली, ती बाकीच्या घरापेक्षा उंच, आणि उजेड वरच्या खिडक्यांतून येतो. भोवती लहान खोल्या. स्वयंपाकघरात जरूर जावे. भिंतीलगत सलग ओटा, वर कपाटे, खिडकी ओट्याच्या उंचीवर. आज ठाण्यातल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये उभ्याने काम करायचा जो ओटा आपण गृहीत धरतो, त्या जातीच्या स्वयंपाकघराचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. या घराच्या वेळा मोजक्या असतात, त्या आधी पाहून मगच चढ चढावा.

दुसरा दिवस पूर्ण गावासाठी. त्याचा कणा म्हणजे आना अमालिया ग्रंथालयाचे तिकीट. तिथल्या रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या नक्षीदार शैलीच्या, दालनात ठरावीक वेळेला ठरावीक माणसेच सोडतात, त्यामुळे तिकीट घरूनच ऑनलाइन काढून ठेवावे आणि बाकीचा दिवस त्या वेळेभोवती रचावा. दारात जाऊन मिळेल ही आशा सुट्टीच्या दिवसांत धरू नये. बुटांवरून फेल्टचे सपाते चढवून आत जायचे असते, जुनी लाकडी जमीन घासू नये म्हणून. आत पांढरे-सोनेरी लंबगोल दालन, खांबांमागे पुस्तकांच्या भिंती. गटेने पस्तीस वर्षे या ग्रंथालयाची देखरेख केली.

२ सप्टेंबर २००४ च्या रात्री याच इमारतीच्या वरच्या मजल्याला आग लागली. वायरीतल्या दोषाने ती लागली असावी, असे तपासात पुढे आले. पन्नास हजार पुस्तके जळाली, बासष्ट हजार आगीने आणि विझवण्याच्या पाण्याने खराब झाली. गावकऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी साखळी धरून अठ्ठावीस हजार पुस्तके हातोहात बाहेर काढली, त्यात धर्मसुधारक ल्युथरचे १५३४ चे बायबलही होते. पुस्तके नव्या भांडारात हलवायला अवघे काही आठवडे उरले होते. भिजलेली पुस्तके लाइपझिगला नेऊन गोठवली, कारण ओला कागद गोठवला नाही तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. मग निर्वात जागेत बर्फाची थेट वाफ करून ती सुकवली. कडा जळून कोळसा झालेली पाने एकेक करून पाण्यात धुतात, गेलेल्या कडेच्या जागी कागदाचा लगदा भरतात आणि वरून अतिशय पातळ जपानी कागद चिकटवतात. एका पुस्तकात अशी शेकडो पाने. दालन २००७ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले, पुस्तकांचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. आपल्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, शहरभर शाळा-संस्थांची जुनी ग्रंथालये आहेत. ज्यांच्या हाती अशी ग्रंथालये आहेत त्यांनी वायमारला जाऊन हे काम पाहावे आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या इमारतीची वायरिंग तपासून घ्यावी, असे मनापासून वाटते.

फ्राउएनप्लान चौकातले गटेचे घर सकाळी उघडताच गाठावे. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि अरुंद खोल्यांत पाऊल ठेवायला जागा राहत नाही. जाण्याआधी ते चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर घर उघडे असल्याची खात्री करावी, जुन्या वास्तूंची दुरुस्ती निघते तेव्हा त्या दीर्घकाळ बंद राहतात. पुढच्या दालनांत पुतळे, चित्रे, दगड, भिंतींना त्याच्या रंगविचाराप्रमाणे दिलेले रंग, पिवळ्या खोलीच्या उंबऱ्याशी जमिनीतच बसवलेले ‘साल्वे’ हे स्वागताचे अक्षर. पण मागच्या बाजूची अभ्यासिका पाहिली की मन थबकते. एकही चित्र नाही, मऊ खुर्ची नाही. मधले मोठे टेबल आणि त्याभोवती फिरत लेखनिकाला मजकूर सांगायची जागा. शेजारी चिंचोळी निजायची खोली आणि ती आरामखुर्ची, जिच्यात २२ मार्च १८३२ रोजी तो गेला.

दुपारी बाउहाउस संग्रहालय, नवी इमारत, २०१९ ची. दीड तास पुरे. तिथे व्हागेनफेल्डच्या दिव्यापाशी थांबावे: काचेची गोल बैठक, काचेचाच दांडा, त्याच्या आतल्या धातूच्या नळीतून गेलेली वायर आणि वर दुधी काचेचा अर्धगोल. नक्षी म्हणून काहीच लावलेले नाही, दिवा कसा चालतो तेच दिसते. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक असायलाच हवी. १९२२ च्या डिसेंबरात बाउहाउसच्या चित्रांचे प्रदर्शन वायमारहून थेट कोलकात्याला आले होते. क्ले, कँडिन्स्की, इटेन यांची चित्रे भारतीय प्रेक्षकांनी त्या काळात पाहिली.

संध्याकाळ नाट्यगृहासाठी राखावी. चौकातला गटे-शिलरचा पुतळा १८५७ चा. त्यात दोघे एकाच उंचीचे आहेत, प्रत्यक्षात शिलर चांगलाच उंच होता. राष्ट्रीय नाट्यगृहात नाटके जर्मनमध्ये असतात, तेव्हा भाषा येत नसेल तर वाद्यवृंदाची मैफल किंवा संगीतिका निवडावी. मोठा कोट आणि पाठपिशवी बाहेर कपडेघरात ठेवावी लागते. खेळ सुरू झाल्यावर आलेल्याला बहुधा मध्यंतरापर्यंत बाहेरच थांबावे लागते, दहा मिनिटे इकडेतिकडे चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नाट्यगृहाची सुट्टी असते, हे न पाहता गेलेले लोक बंद दारासमोर फोटो काढून परततात. तिकीट नाहीच मिळाले तर लिस्टच्या नावाच्या संगीत महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या मैफली होतात, अनेकदा मोफत. त्यांचा दर्जा ऐकून चकित व्हायला होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुखेनवाल्ड. हे वगळून वायमार पाहिले असे कुणी म्हणू नये. गावाबाहेरच्या एटर्सबर्ग टेकडीवर १९३७ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती, सुमारे ५६,००० माणसे तिथे मेली. गटेप्लाट्झवरून सहा क्रमांकाची बस जाते, पण बसवरची पाटी वाचून चढावे. त्याच क्रमांकाच्या काही बस एटर्सबुर्ग गावाला जातात. प्रवेशशुल्क नाही. प्रदर्शने सोमवारी बंद, उघडा परिसर अंधार पडेपर्यंत रोज खुला. टेकडीवर बोचरा वारा असतो, मे महिन्यातही स्वेटर हवाच. फाटकावरचे लोखंडी शब्द, ‘ज्याचे त्याला’ अशा अर्थाचे, आतल्या कैद्यांना वाचता यावेत अशा बाजूने बसवले आहेत. ती अक्षरे बाउहाउसमध्ये शिकलेल्या फ्रान्झ एरलिख या कैद्याकडून करून घेतली होती. आदल्या दुपारी संग्रहालयात पाहिलेले अक्षरांचे वळण इथे ओळखू येते. फाटकावरचे घड्याळ सव्वातीनवर थांबवले आहे, ११ एप्रिल १९४५ च्या सुटकेची वेळ. किमान तीन तास ठेवावेत. बारा वर्षांखालच्या मुलांना प्रदर्शनात नेऊ नये आणि त्यानंतर लगेच दुसरे काही पाहायचे ठेवू नये. गाडीच पकडावी.

खाण्याचे थोडक्यात. कच्चा आणि उकडलेला बटाटा एकत्र मळून केलेले ‘क्लोस’ हे तिथले मोठे गोळे शाकाहारीच, पण त्यांवरचा रस्सा मांसाचा असतो. मशरूमचा रस्सा आहे का ते आधी विचारावे. नळाचे पाणी पिण्याजोगे. बाटलीबंद घेतलेच तर रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून २५ सेंट परत घ्यावेत. रविवारी आणि सणाच्या दिवशी किराण्याची दुकाने बंद असतात, १ मेलाही. आदल्या संध्याकाळी ब्रेड, फळे, दही घेऊन ठेवावे. छोट्या खानावळींत कार्ड चालेलच असे नाही, माणशी शंभरेक युरो रोख जवळ हवेत.

राहिला वार. गावातल्या बहुतेक वास्तू सोमवारी बंद असतात आणि प्रत्येकीची सुट्टी व हिवाळ्यातली वेळ संकेतस्थळावर वेगळी तपासावी लागते. बुधवारी पोहोचून शुक्रवारी दुपारी निघालात तर वरचे सगळे जमते. रविवारी पोहोचलात तर त्यातले निम्मे हुकते. म्हणून ठाण्यातल्या सहल आयोजकांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे की कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गावापुढे तारखेबरोबर वार छापावा, आणि ‘दर्शन’ म्हणजे आत जाऊन पाहणे की बसमधून दाखवणे, तेही त्याच ओळीत लिहावे. नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी ग्राहकानेही या दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)